अठरांपैकी वाकड्या तोंडाचा

मी चौथी शिकलेला माणूस. हीथ्रोवर तेहतीस वर्षं सामान चढवलं आणि उतरवलं, त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. पण दर मंगळवारी आमच्या हाउन्सलोच्या लायब्ररीत स्ट्रोक झालेल्यांचा ग्रुप बसतो, आणि तिथे मी बघतो की आपली म्हातारी माणसं तोंड लपवतात. कोणी मफलर गुंडाळतं, कोणी रुमाल धरतं. एक गृहस्थ तासभर खिडकीकडे तोंड करून बसतात. त्यांना मी काही बोललो नाही. मी स्वतः चार महिने तोंड लपवलं आहे, आणि त्या चार महिन्यांत जे गेलं ते परत आलेलं नाही. म्हणून हे लिहितो. गोळ्या-औषधांचं डॉक्टर सांगतील. मी फक्त तोंडाचं सांगतो.

कुसुम

आधी बायकोचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. कुसुम नर्स होती. या देशात ती नोकरीवर आली आणि मी तिच्यामागून आलो. लोक हे हळू आवाजात बोलायचे, मी मोठ्याने सांगतो. वॉर्डात ती इंग्लिश बोलायची, घरी माझ्याशी आमच्या संगमेश्वराकडचं मराठी.

तिला विसरण्याचा आजार लागला. सगळ्यात आधी तिचं इंग्लिश गेलं, मग माणसांची नावं गेली. तीन वर्षं मी घरी सांभाळली. एकदा सकाळी नाइटगाउनवर जुना नर्सचा कार्डिगन घालून बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली, ड्यूटीला उशीर होतोय म्हणाली. त्यानंतर तिला वृद्धांच्या केअर होममध्ये ठेवावं लागलं. तिथे सगळे चांगले आहेत, पण मराठी एकालाही येत नाही. तिला तहान लागली तरी ती कोणाला सांगणार? म्हणून मी रोज बारा वाजता डबा घेऊन जायचो. तिला भरवायचो, तिचं म्हणणं तिथल्या मुलींना सांगायचो.

माझं नाव तिला आठवत नव्हतं. तोंड आठवत होतं. मी दारात दिसलो की म्हणायची, "आलात का? किती उशीर." उशीर कधीच नसायचा. बाराला दोन मिनिटं कमीच असायची. पण हे ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू व्हायचा नाही. एवढं एकच तिच्याकडे शिल्लक होतं, आणि ते माझ्या तोंडावर होतं.

तेल

फेब्रुवारी होता. सकाळी सहाला दाढी करताना चूळ भरली, तर पाणी डाव्या ओठातून खाली ओघळलं. पुन्हा भरली, पुन्हा तेच. आरशात बघितलं तर डावा गाल खाली आलेला.

मी नर्सचा नवरा. कुसुमने मला शंभरदा सांगितलं असेल, की तोंड वाकडं झालेलं दिसलं तर चहा प्यायलाही थांबायचं नाही. मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, वारं लागलं, काल थंडीत बसची वाट बघत उभा होतो. खोबरेल तेल गरम केलं आणि गालावर चोळत बसलो. खरं कारण वेगळं होतं. ॲम्ब्युलन्ससाठी नाइन-नाइन-नाइन फिरवला असता तर मला घेऊन गेले असते, मग डबा कोणी नेला असता? चोळून चोळून गाल लाल केला. मग एका हाताने कुळथाचं पिठलं केलं, भात केला, नाकापर्यंत मफलर गुंडाळला आणि निघालो.

बसस्टॉपवर डावा हात मला न विचारताच उघडला. डबा पडला. पिठलं फुटपाथवर. मी ते गोळा करायला वाकलो तो उठलोच नाही. शेजारी एक पंजाबी बाई उभ्या होत्या. त्यांनी माझा मफलर खाली ओढला, तोंड बघितलं आणि लगेच फोन लावला.

मी म्हणालो, "डबा." निदान मला तसं वाटलं. बाहेर काय आलं देव जाणे.

"डब्बे को मारो गोली, भाईसाब," त्या म्हणाल्या. "लेटे रहो."

हॉस्पिटलात एका डॉक्टर मुलीने विचारलं, कधी सुरू झालं? मी सांगितलं, सहा वाजता. तिने घड्याळाकडे बघितलं. साडेबारा वाजत होते. रक्ताची गाठ विरघळवायचं जे इंजेक्शन असतं त्याची वेळ मी तेल चोळण्यात घालवली होती.

गावाला गेलेत

संदीप, आमचा मुलगा, मेडनहेडला ऑफिसात आहे. तो धावत आला. इथे जन्मलेला, त्याचं मराठी मोडकं आहे, पण माझ्याशी तो मराठीच बोलतो, हे त्याचं मोठेपण.

"बाबा, आई विचारते, हे कुठे आहे. मी काय सांगू?"

मी विचार करून ठेवला होता. बोलताना शब्द घसरत होते, म्हणून एकेक सावकाश म्हणालो. "सांग, शिमग्याला गावी गेलेत."

"हे लाय आहे, बाबा."

"असू दे."

"मग व्हिडिओ कॉल करू. फक्त दोन मिनिट. तिला तुमचा चेहरा दिसेल."

"तोच दिसायला नको. तिला हे तोंड दाखवलं तर ती आधीचंही विसरेल. सरळ झालं की जाईन."

त्याने फोन खिशात ठेवला. आमच्या घरात मी एकदा नाही म्हटलं की पुढे बोलायची पद्धत नाही. ती पद्धत मीच पाडलेली.

व्यायाम घेणारी फिजिओ मुलगी रोज आरसा घेऊन यायची. गाल फुगवा, शिटी वाजवा, ओठ ओढा. मी आरशावर टॉवेल टाकायचो. आरशात न बघताही मी गाल फुगवू शकतो असं माझं म्हणणं होतं. चहात घट्ट करायची पावडर घालून त्याची खळ करून द्यायचे, नाहीतर ठसका लागायचा. एक आफ्रिकन नर्स मात्र रोज सकाळी माझी दाढी करायची, आणि डावी बाजू करताना गाणं म्हणायची, म्हणजे माझं त्या बाजूकडे लक्ष जाऊ नये. तिचे उपकार आहेत.

शेजारचा बिछाना

शेजारी पियदासा म्हणून एक श्रीलंकेचे सिंहली गृहस्थ होते. माझ्याच वयाचे. लंडनात बस चालवायचे. त्यांची उजवी बाजू गेली होती, माझी डावी. "दोघं मिळून एक पुरा माणूस होतो," असं ते नर्सला सांगायचे. आम्ही दोघं मोडक्या इंग्लिशमध्ये बोलायचो, इथे मी ते आपल्या भाषेत लिहितो.

एके दिवशी त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "हे बघा. तुम्ही."

फोटोत लाकडाचा मुखवटा होता. निळसर काळा रंग, एक डोळा वर आणि एक खाली, डावा गाल ओघळलेला, तोंड एका बाजूला फाकलेलं, त्यातून दात बाहेर.

"मी हसण्यासारखा दिसतो का तुम्हाला?" मी विचारलं.

"हो," ते म्हणाले. "मीही दिसतो. नर्सला विचारा."

मी पडदा ओढून घेतला. दोन दिवस उघडला नाही. तिसऱ्या दिवशी माझा चमचा खाली पडला, आणि मी कोणाला हाक मारणार नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांनी स्वतःची बेल दाबली. नर्स आल्यावर म्हणाले, "मला काही नको. पडद्यामागच्या राजेसाहेबांचा चमचा पडलाय." तेव्हा मला हसू आलं. अर्ध्या तोंडाचं हसू. लाळ गळली. पण पडदा उघडला.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील गावात आजार उतरवण्याचं काम करायचे. आजाराचे अठरा राक्षस. त्यांच्या भाषेत त्यांना सन्नी म्हणतात. एक बहिऱ्याचा, एक आंधळ्याचा, एक उलटीचा, एक थंडीतापाचा, एक वेडाचा. प्रत्येकाचा मुखवटा वेगळा, म्हणजे आजार झालेला माणूस जसा दिसतो तसाच. लुळ्यापांगळ्याचाही एक आहे, वाकड्या तोंडाचा. या सगळ्यांवर एक राजा. वडील मुखवटे स्वतः कोरायचे, हलक्या लाकडाचे, कारण रात्रभर नाचायचं असतं.

मी म्हटलं, आमच्याकडेही आहे. शिमग्याला दारोदार नाचणाऱ्या खेळ्यांत संकासूर यायचा. काळे कपडे, उंच टोपी, पांढरी दाढी. मी आईच्या पदरात तोंड खुपसून बसायचो. आणि कोणाला काही बाधलं तर नारळ द्यायचा, कोंबडं द्यायचं आणि हाकलायचं.

"आम्ही आधी बोलावतो," पियदासा म्हणाले. "आजारी माणसासमोर. जो आलाच नाही त्याला हाकलणार कसा?"

मुखवट्यातला राक्षस मशाल घेऊन येतो, त्यांनी सांगितलं. आधी घाबरवतो. मग ढोलवाला ढोल थांबवतो आणि त्याला चार गोष्टी विचारतो. तू कोण? कुठून आलास? काय पाहिजे? कोणाच्या परवानगीने आलास? राक्षस फुशारकी मारतो, भलतंच काहीतरी मागतो, ढोलवाला त्याची खेचतो. लोक हसतात. आजारी माणूसही हसतो. शेवटी बुद्धाच्या परवानगीने आलोय असं राक्षस कबूल करतो. मग त्याला ताट मिळतं, भात, फुलं, विड्याची पानं. ते घेऊन तो जातो आणि आजारही घेऊन जातो.

"आणि माणूस बरा होतो?"

"काही होतात. माझी आजी नाही झाली." मग म्हणाले, "पण ती हसली होती. मी बघितलंय."

मग त्यांनी डाव्या हाताने जेवणाच्या टेबलावर ठेका धरला. ठेका थांबवून मला विचारलं, "तू कोण? कुठून आलास?"

"मला यात घेऊ नका," मी म्हणालो.

"तुमची बायको तुम्हाला रोज विचारते ना? म्हणजे बोलावते. बोलावल्यावर यायचं असतं, साहेब. जसं तोंड असेल तसं. राक्षससुद्धा येतो."

"तुम्ही तुमचं बघा," मी म्हणालो.

ते खरंच आपलं बघू लागले. पण घरी जाताना माझा हात धरून म्हणाले, "भेटल्यावर मला कळवा."

चार महिने

घरी आल्यावर मी जिद्दीने व्यायाम केले. स्ट्रॉने पाणी, फुंकर, गाल फुगवणं. न्हाणीचं दार लावून आरशासमोर तासन्‌तास. काठी घेऊन चालायला लागलो. हात थोडा परत आला. तोंड थोडंसंच सरळ झालं. आणखी थोडं, आणखी थोडं, असं करत मी थांबलो.

संदीप आठवड्यातून दोनदा आईकडे जायचा आणि मला फोन करायचा. पहिल्या महिन्यात म्हणायचा, "आई रोज विचारते, हे आले का." दुसऱ्यात म्हणाला, "आता कमी विचारते." एप्रिल सरता सरता म्हणाला, "आई आता विचारत नाही, बाबा."

"बरं झालं. त्रास कमी."

"बोलत पण नाही. कोणाशी बोलेल? माझी मराठी तर अशी."

मी त्याला रागावलो. म्हटलं, तू शिकायचं होतंस. तो म्हणाला, "हो बाबा, माझी चूक," आणि फोन ठेवला. चूक त्याची नव्हती. कोणाची होती ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी आणखी एक महिना आरशासमोर काढला. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

जूनमध्ये पियदासांच्या मुलीचा फोन आला. त्यांना दुसरा झटका आला होता आणि ते गेले. तेरवीसारखं त्यांच्याकडे सातव्या दिवशी असतं, तिने बोलावलं म्हणून गेलो. मुखवटा किचनच्या बाजूला, वॉशिंग मशीनच्या वर टांगलेला होता. फोटोपेक्षा लहान वाटला. तिने काढून माझ्या हातात दिला. आतली बाजू, जिथे कपाळ टेकतं, तिथलं लाकूड घामाने काळं पडून गुळगुळीत झालं होतं. मी सुलटा करून पुढची बाजू बघितली. चार महिन्यांत कोणाचंही वाकडं तोंड मी इतका वेळ नीट बघितलं नव्हतं; आरशातही मी गाल किती वर आला एवढंच बघायचो.

"पप्पा याला तुमचं नाव घेऊन गुड मॉर्निंग म्हणायचे," ती म्हणाली. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "ते विचारायचे, बायकोला भेटला का तो? भेटलात का, अंकल?"

मी म्हणालो, "उद्या."

बारा वाजता

दुसऱ्या दिवशी कुळथाचं पिठलं केलं. मफलर घेतला नाही. बाराला दोन मिनिटं कमी असताना तिच्या दारात उभा राहिलो.

कुसुम खिडकीजवळ उन्हात बसली होती. बारीक झाली होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी वाट बघितली. ती "आलात का" म्हणाली नाही. मांडीवरचं पांघरूण तिने छातीपर्यंत ओढून घेतलं.

"कोण तुम्ही?"

मी कोण ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्याआधी तीच म्हणाली, "आमचे हे नाहीत घरी. शिमग्याला गावी गेलेत."

चार महिन्यांत तिला जे जे सांगितलं त्यातलं एवढंच तिने धरून ठेवलं होतं.

"कुठून आलात?"

"हाउन्सलोहून," मी म्हणालो. माझा आवाजही आता पूर्वीचा नाही. "बसने आलो."

"काय पाहिजे?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. टेबलावरचा तो ठेका ऐकू आल्यासारखा झाला. हेच सवाल, याच क्रमाने. त्या दिवशी मी उत्तर दिलं नव्हतं.

"जेवायला बसू का तुमच्याबरोबर? डबा आणलाय."

"कोणाला विचारून आत आलात?"

"सिस्टरला विचारून."

"सिस्टर मीच आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. पांघरूण खाली ठेवलं. "इकडे या. बसा. माझी बोटं दाबा बघू. दोन्ही हातांनी."

मी दाबली.

"डावा कमी आहे." मग तिने अंगठ्याने माझा पडलेला गाल वर उचलला, होता तसा करून बघितला आणि सोडला. "कधी झालं हे?"

"झाले चार महिने."

"लगेच गेलात हॉस्पिटलला?"

"नाही. तेल चोळत बसलो."

"गाढव आहात," ती म्हणाली.

असं मला जगात ती एकटीच म्हणू शकायची. मला हसू फुटलं, त्याबरोबर लाळ गळली. तिने नॅपकिनने माझी हनुवटी पुसली आणि तीही हसली. दारातून जाणारी केअरर थबकली. नंतर ती मला म्हणाली, कितीतरी आठवड्यांनी हिला हसताना बघितलं.

"घरी कोण आहे तुमचं बघायला?" कुसुमने विचारलं.

"बायको आहे. पण ती आजारी असते."

"मग तिच्याजवळ बसायचं सोडून इथे काय करताय?"

मी डबा उघडला. तिने चार घास खाल्ले, पिठलं ओळखीचं वाटल्यासारखे सावकाश. मग चहाच्या ट्रेमधलं एक बिस्किट तिने नॅपकिनमध्ये गुंडाळून माझ्या हातात दिलं. "हे घ्या आणि जा आता. आमचे हे येतील. त्यांना परका माणूस बसलेला आवडत नाही."

खरं आहे. मला कधीच आवडलं नाही.

मी बिस्किट घेतलं आणि निघालो. पियदासांच्या हिशेबाने ताट घेऊन जाणाऱ्याने आजारही घेऊन जायचा असतो. बसमध्ये बिस्किट हातात धरून मी तेवढंच मागत होतो, की तिचा आजार मला घेऊन जाऊ दे. मी देव-भुतांपुढे हात पसरणारा माणूस नव्हतो.

आजार गेला नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, कोण तुम्ही. संदीपने एकदा तिला सांगून बघितलं, "आई, हेच बाबा आहे." ती दुपारभर रडत होती. त्यानंतर आम्ही सांगितलं नाही.

मी रोज जातो. रोज चार सवाल होतात आणि मी उत्तरं देतो. कधी थापा मारतो, म्हणतो मी राजा आहे, तिकडच्या अठरा जणांवरचा. ती म्हणते, राजाने दाढी नीट करावी. कधी बिस्किट मिळतं, कधी मिळत नाही. ती बोलायला लागली आहे, हे खरं. तिला तहान लागली की मला सांगते.

लायब्ररीतल्या त्या गृहस्थांना आणि बाकीच्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की ज्यांच्याकडे जायचं आहे त्यांच्याकडे आज जा. ओळख असेपर्यंत जा. तोंडाचं नंतर बघू.

गेल्या आठवड्यात जेवता जेवता ती थांबली आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे बघू लागली. बारा वाजून गेले होते.

"किती उशीर केला यांनी," ती म्हणाली.

"निघालेत गावाहून," मी म्हणालो. "येतील."